कोकणातल्या छोट्या व्यवसायाची वेबसाईट गूगलवर का सापडत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून शिरोड्यापर्यंत किनाऱ्यावर ज्यांचा होमस्टे आहे, खानावळ आहे, जे आपल्या बागेतला आंबा घरपोच पाठवतात, आमसुलं-काजूगर विकतात किंवा पर्यटकांना होडीतून फिरवतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. वेबसाईट केली, पैसे गेले, पण गिऱ्हाईक अजून बुकिंगच्या मोठ्या ॲपवरूनच येतं आणि कमिशन कापलं जातं, ही तक्रार या पट्ट्यात सतत ऐकू येते. माझं काम अशाच साईट्स दुरुस्त करण्याचं आहे. उघडून बघितल्यावर बहुतेक वेळा बिघाड साधे निघतात: साईट गूगलपासून लपलेली असते, मजकूर यंत्राला वाचता येत नाही, किंवा गिऱ्हाईक जे विचारतं ते पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. खालचे प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवले आहेत.

साईट होऊन दोन महिने झाले. होमस्टेचं पूर्ण नाव टाकलं तरी गूगलवर येत नाही. काय झालं असेल?

आधी साईट गूगलच्या नोंदीत आहे का ते बघा. शोधपेटीत रोमन लिपीत 'साइट' हा शब्द लिहा, त्याला चिकटून दोन टिंबं (:), आणि त्यांना चिकटून तुमच्या वेबसाईटचा पत्ता. मधे जागा सोडू नका. एकही पान आलं नाही, तर शोधात कितव्या क्रमांकावर दिसतो याची चिंता सध्या बाजूला ठेवा, कारण गूगलने साईट बहुधा अजून घेतलेलीच नाही.

याचं कारण फार वेळा वर्डप्रेस या साईट बनवायच्या साधनातली एक टिक असते. सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या भागात एक चौकट आहे, सर्च इंजिनांनी ही साईट नोंदवू नये असं सांगणारी. साईट अर्धवट असताना करणारा माणूस ती टिक करून ठेवतो, ते योग्यच आहे. साईट सुरू करताना ती काढायची राहून जाते आणि पुढे वर्षभर कुणी तिकडे बघत नाही.

दुसरी जागा म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल. तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. ती गूगलच्या यंत्राला 'इथे येऊ नको' एवढंच सांगते. 'हे पान शोधात दाखवू नको' हे सांगायला नोइंडेक्स नावाची वेगळी सूचना त्या पानावरच द्यावी लागते. दोन्ही एकदम लावली की यंत्र आतच येत नाही, त्यामुळे नोइंडेक्स वाचतही नाही, आणि बाहेरून कुणी त्या पानाची लिंक दिलेली असेल तर पान नुसत्या पत्त्यानिशी शोधात दिसू शकतं.

हे सगळं तपासायला गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन आहे. ते स्वतःच्या जीमेल खात्यावर उघडा, साईटची मालकी सिद्ध करा, साइटमॅप (साईटवरच्या पानांची यादी) द्या आणि एकेका पानाचा पत्ता टाकून विचारा: घेतलं का, नसेल तर का नाही. उत्तर तिथे स्पष्ट मिळतं.

आमची साईट मराठीत आहे, डोळ्यांना व्यवस्थित वाचता येते. पण मराठीत शोधलं तर येत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चूक बाहेरून दिसतच नाही.

आपल्याकडे छपाईचं काम वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये चाललं. त्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाने आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. फाँट फक्त त्यावर मराठी आकार चढवतो. माहितीपत्रकासाठी टाईप केलेला तोच मजकूर वेबसाईटवर चिकटवला की गूगलला दिसतात निरर्थक रोमन अक्षरं. मालवणी जेवण, समुद्राकाठची खोली, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आजच्या प्रत्येक फोनवर युनिकोड मराठीच टाईप होते. तरीही जुन्या फाँटमधला मजकूर अजून साईट्सवर सापडतो, विशेषतः पीडीएफमध्ये.

तपासायची सोपी रीत: पानावरचा एक परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर मजकूर ठीक आहे. चिन्हांचा गुंता दिसला तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यानंतर माणसाने एकदा वाचलंच पाहिजे. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी या जागा हमखास बिघडतात.

आणि परिच्छेदावर बोट दाबून धरल्यावर शब्द निवडलेच जात नसतील, तर तो मजकूर नव्हे, चित्र आहे. खोल्यांचे दर, थाळीतले पदार्थ, आंब्याच्या पेटीचे भाव असलेलं सुंदर पोस्टर डीटीपीवाल्याकडून करून घेतात आणि तेच साईटवर चढवतात. पोस्टर ठेवायला हरकत नाही. पण त्यावरची प्रत्येक कामाची ओळ खाली अक्षरांत लिहिलेली हवी. फोन नंबरसुद्धा. चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही.

मालवण, अलिबाग, गणपतीपुळे... रोमन लिपीत प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो. सगळी स्पेलिंग्ज पानावर टाकायची का?

नाही. मालवण कुणी 'व्ही' ने लिहितं कुणी 'डब्ल्यू' ने, अलिबागमध्ये कुणी एक 'यू' जास्त घालतं, हे खरं आहे. पण एवढ्या परिचित गावांची ही रूपं गूगल एकच समजतं. पानाच्या तळाशी दहा स्पेलिंग्जची माळ लावली तर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो आणि गूगलच्या नियमांतही ती शब्दांची कोंबाकोंबी ठरते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं तर उघड नियमभंग आहे.

लहान वाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्या वाडीचं नाव नकाशावर आणि रस्त्यावरच्या पाटीवर जसं आहे तसं एकदा आणि लोक बोलतात तसं एकदा, एखाद्या नैसर्गिक वाक्यात आलं तर उपयोग होतो.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

गिऱ्हाईक कोण आहे त्यावर ठरवा. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून येणारी कुटुंबं मराठीत शोधतात, रोमन लिपीत मराठी शोधतात आणि इंग्रजीतही शोधतात. बेंगळुरूहून येणारा पर्यटक मराठीत शोधणार नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं करा, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आणि 'एचरेफलँग' या खुणेने ती एकमेकांना जोडा. मराठी पानाने इंग्रजीकडे आणि इंग्रजीने मराठीकडे, दोन्ही बाजूंनी खूण हवी. एकाच बाजूने असेल तर गूगल ती धरत नाही.

एकाच पानावर एक परिच्छेद मराठी, त्याखाली त्याचंच इंग्रजी, ही मांडणी टाळा. आणि भाषांतराचं बटण लावलं म्हणजे मराठी साईट झाली असं समजू नका. अशी बटणं पान वाचकाच्या फोनवर त्या क्षणापुरतं बदलतात. शोधात येईल असं वेगळं मराठी पान त्यातून सहसा तयार होत नाही.

साईट करणाऱ्याने मेटा कीवर्ड्समध्ये शंभरेक शब्द घातलेत. ते वाढवायचे का?

मेटा कीवर्ड्स म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले, वाचकाला न दिसणारे शब्द. त्यांच्यावर वेळ घालवू नका. शोधाचा क्रम लावताना मेटा कीवर्ड्स आपण बघत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. आजही कुणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

पानाचं शीर्षक मात्र नीट लिहा. कितीतरी साईट्सवर प्रत्येक पानाचं शीर्षक 'होम' किंवा नुसतं होमस्टेचं नाव असतं. 'तारकर्ली किनाऱ्याजवळ कुटुंबासाठी घरगुती खोल्या आणि मालवणी जेवण' असं शीर्षक असेल तर शोधणाऱ्याला आणि गूगलला दोघांनाही कळतं की आत काय आहे. प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं शीर्षक द्या.

आमचा होमस्टे देवबागला आहे. तारकर्ली, चिवला, वायरी, आचरा, प्रत्येक गावाच्या नावाने एकेक पान केलं तर?

मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं, अशा पानांना गूगल 'डोअरवे' म्हणतं आणि ती स्पॅममध्ये मोजतं. शिवाय आचऱ्याला खोली मिळेल असं समजून आलेल्या माणसाला देवबागला पाठवलं, तर तो चिडणार आणि अभिप्रायात तसं लिहिणार.

गावांबद्दल लिहायचंच असेल तर खरं लिहा. देवबागहून तारकर्लीला जायला किती वेळ लागतो, कर्ली खाडीच्या मुखाशी होडी कुठून सुटते, पावसाळ्यात काय बंद असतं. असं एक पान दहा नकली पानांपेक्षा जास्त काम करतं.

आंबा राजापूरचा आहे, पण लोक 'देवगड हापूस' शोधतात. पानावर देवगड लिहिलं तर चालेल का?

नको. हे मी कळकळीने सांगतो, कारण यात शोधापेक्षा मोठं नुकसान आहे. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. हे मानांकन मिळवण्यामागचा हेतूच हा होता की बाहेरचा आंबा आपल्या नावाने विकला जाऊ नये. आपणच आपसात नावं बदलून विकायला लागलो तर दाद मागायची कुणाकडे?

व्यवहाराच्या बाजूनेही बघा. 'देवगड हापूस' या शब्दांवर मोठी दुकानं जाहिरातींवर पैसा ओतून बसलेली असतात. तिथे छोट्या बागायतदाराचं पान वर येणं कठीण. 'राजापूर हापूस थेट बागेतून पुण्यात' असं शोधणारे कमी असतील, पण त्यांना नेमकं तुम्हीच हवे आहात. बाग कुठल्या गावात आहे, कातळावर आहे की खाडीकाठी, कलमं किती जुनी, आंबा झाडावरून कसा उतरवता, हे लिहा. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी झाली असेल तर तेही लिहा, नोंदणी क्रमांकासह.

जूनमध्ये आंबा संपतो. मग आंब्याचं पान काढून टाकायचं ना?

आंबा विकणाऱ्यांच्या साईटवर ही चूक दरवर्षी होते. मे अखेरीला पान काढतात आणि पुढच्या फेब्रुवारीत नवं करतात, त्याच्या पत्त्यात नवं साल घालून. जुन्या पानाला हंगामभर मिळालेल्या लिंका, लोकांनी पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, गूगलकडे झालेली ओळख, सगळं वाया जातं. नवं पान शून्यापासून सुरू होतं आणि गूगलने त्याची नीट दखल घेईपर्यंत निम्मा हंगाम सरलेला असतो.

पानाचा पत्ता कायमचा ठेवा, त्यात साल घालू नका. हंगाम संपला की वर ठळक लिहा: यंदाचा आंबा संपला, पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा. ऑर्डरचं बटण काढा, बाकी मजकूर राहू द्या. आढी कशी लावायची, पेटी आल्यावर आंबा किती दिवस ठेवायचा, हे लोक वर्षभर वाचतात. मोहोर धरला की पान ताजं करायला घ्या. भाव ठरलेला नसला तरी यंदा आंबा साधारण कधी येईल याचा अंदाज लिहिता येतो, आणि लोक जानेवारीतच शोधायला लागतात.

एखादं पान खरोखरच काढायचं असेल, तर त्याच्या जागी येणाऱ्या मिळत्याजुळत्या पानाकडे ते वळवा. सगळी जुनी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवली तर गूगल ती नाहीशी झाली असंच धरतं, आणि आमरसाची माहिती शोधणारा माणूस मुखपृष्ठावर येऊन परत जातो.

होडी आणि स्कुबावाल्यांनाही हेच लागू आहे. पावसाळ्यात साईट बंद करू नका. पुन्हा कधी सुरू होईल ते लिहा आणि गूगल मॅपवर दिसणाऱ्या तुमच्या व्यवसाय नोंदीत 'तात्पुरतं बंद' निवडा. 'कायमचं बंद' चुकून दाबलं गेलं तर सप्टेंबरमध्ये फोन वाजत नाही.

पानावर नेमकं लिहायचं काय? 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहून झालं.

ते प्रत्येकाने लिहिलंय, म्हणून त्याने कुणीच वेगळं ओळखू येत नाही.

आठवडाभर फोनवर येणारे प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. गाडी अंगणापर्यंत येते का? रेल्वेने आलो तर कुडाळला उतरायचं की कणकवलीला, आणि पुढे रिक्षा मिळते का? शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात करता का? आईचे गुडघे दुखतात, खोली तळमजल्यावर आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे? समुद्र चालत किती लांब, आणि तिथे पोहणं सुरक्षित आहे का? आंबावाल्यांना विचारतात: पेटीत किती नग, कच्चा पाठवता की पिकलेला, पुण्यात कुठल्या दिवशी पोचतो, आणि साका (आतला गर स्पंजासारखा बिघडलेला) निघाला तर काय? हे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे आहेत आणि तो गूगलवरही याच शब्दांत शोधतो. प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर पानावर अक्षरांत द्या. साक्याबद्दल तर नक्की लिहा. वरून निरोगी दिसणारा हापूस आतून साक्याचा निघू शकतो, हे मोकळेपणाने सांगून बदली फळाचा नियम लिहिणाऱ्या बागायतदारावर लोक विश्वास ठेवतात.

'कसं याल' हे पान बहुतेक साईट्सवर जुनं झालेलं असतं. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली, तरी वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या पानांवर अजून 'जवळचा विमानतळ दाभोळी', म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, असं वाचायला मिळतं. चिपीची विमानं सध्या कुठून आणि कुठल्या वारी येतात ते तपासूनच लिहा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेही सांगा. वेळासच्या कासव महोत्सवाबद्दल लिहिणाऱ्यांनी गेल्या वर्षीच्या तारखा पुसून टाकल्या पाहिजेत. त्या तारखा बघून कुणी लहान मुलांना घेऊन रात्रभराचा प्रवास करतं.

नुसती 'शेवटचा बदल' ही तारीख पुढे ढकलून पान ताजं होत नाही. मजकूर बदलला पाहिजे.

एआयकडून पन्नास लेख लिहून घेतले तर?

मजकूर कशाने लिहिला यापेक्षा तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे का ते आपण बघतो, असं गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये मात्र केवळ क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने केलेला मजकूर स्पॅम ठरवला, तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने. मसुदा करायला, शुद्धलेखन बघायला साधन वापरा. पण सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोर कुरटे बेटावर आहे आणि विजयदुर्ग देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी, यांची सरमिसळ झालेले लेख सर्रास दिसतात. तुमच्या नावाने प्रसिद्ध होणारी प्रत्येक ओळ तुम्ही वाचा. तुमच्या परसातली माहिती कुठल्याही यंत्राकडे नाही आणि लोकांना तीच हवी असते.

फोटो भरपूर टाकलेत, तरी साईट उघडायला वेळ का लागतो?

भरपूर टाकलेत म्हणूनच. आजच्या फोनचा एक फोटो कित्येक एमबींचा असतो. तो तसाच चढवला तर फोंडा किंवा आंबा घाटात, एकदोन कांड्या रेंजवर मुक्काम शोधणाऱ्या कुटुंबासमोर पान उघडतच नाही. हे लोक संध्याकाळी फोनवरच शोधतात. गूगलही साईट फोनवर कशी दिसते तेच मुख्यतः बघतं. तो बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पूर्ण झाला.

फोटोची रुंदी सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी स्वरूपात जतन करा, आणि मुखपृष्ठावर फिरणारे आठ फोटो ठेवण्यापेक्षा एक चांगला ठेवा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि उघडताना मजकूर खालीवर उड्या मारू नये, ही गूगलची अपेक्षा आहे. पेजस्पीड इनसाइट्सवर मोफत तपासता येतं. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका.

फोटोचं वर्णनही लिहा. दृष्टिहीन वाचकाला तेच ऐकू येतं आणि गूगलही ते वाचतं. 'संध्याकाळी किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, मागे सुरूचं बन' असं. आणि मालदीवचा निळा समुद्र उचलून वेळणेश्वरच्या नावाखाली लावू नका. आपला समुद्र जसा आहे तसा दाखवला तरी लोक येतात.

'महिनाभरात पहिल्या क्रमांकावर आणतो, गॅरंटी' असं सांगणाऱ्याला काम द्यावं का?

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. शोधातला क्रमांक गूगलला पैसे देऊनही विकत मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

काम कुणालाही द्या, पण डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर घ्या. होस्टिंग (साईट ठेवलेली भाड्याची जागा), सर्च कन्सोल, गूगलची व्यवसाय नोंद, या सगळ्यांचे मालक तुम्ही, आणि काम करणाऱ्याला फक्त वापराची परवानगी. किनाऱ्यावर अशी कुटुंबं आहेत ज्यांचं डोमेन करणाऱ्याच्या नावावर होतं, तो फोन उचलेनासा झाला, नूतनीकरणाची तारीख गेली आणि व्हिजिटिंग कार्डापासून गाडीवरच्या पाटीपर्यंत छापलेला पत्ता हातचा गेला. हे वाचून झाल्यावर आजच तपासा.

बॅकलिंकचं पॅकेज घ्यावं का? पाचशे लिंका स्वस्तात मिळतायत.

घेऊ नका. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साईटने तुमच्या पानाला दिलेली लिंक, आणि विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल एप्रिल २०१२ मध्ये आला तो यासाठीच. आज अशा लिंका बहुधा दुर्लक्षित होतात, म्हणजे पैसे वाया, आणि प्रकरण वाढलं तर कारवाईही होऊ शकते.

खऱ्या लिंका ओळखीतून येतात. तुमच्याकडे राहून गेलेला पक्षीनिरीक्षक लिहितो, शेजारचा होडीवाला तुमची लिंक देतो आणि तुम्ही त्याची, तालुक्याच्या पर्यटन संस्थेच्या यादीत नाव येतं, शाळेच्या सहलीचं वृत्त छापून येतं. थोड्याच असतात, पण टिकतात.

गूगल मॅपवर नावापुढे 'बीचजवळ स्वस्त एसी रूम' जोडलं तर वर येतं म्हणतात.

नावाच्या जागी पाटीवर असतं तेच नाव लिहायचं, असा नियम आहे. शब्द जोडले आणि कुणी तक्रार केली तर नोंद निलंबित होऊ शकते. हंगामात तसं झालं तर दाद लागेपर्यंत दिवस जातात.

त्यापेक्षा नकाशावरची खूण तपासा. आपल्याकडे वाडीत घरक्रमांक सापडत नाहीत, एका गावाच्या नावाच्या दोन वाड्या निघतात आणि खूण भलत्याच पाणंदीत पडलेली असते. स्वतः फोन घेऊन दारात उभं राहा आणि खूण बरोबर जागी आणा. नाव, पत्ता, फोन साईटवर आणि नोंदीत सारखेच ठेवा. नोंदीबरोबर पूर्वी गूगलने दिलेली मोफत छोटी वेबसाईट मार्च २०२४ मध्ये बंद झाली. नोंदीत अजून तोच पत्ता असेल तर बदला.

सवलतीचं आमिष दाखवून अभिप्राय घेणं नियमात बसत नाही. राहून जाणाऱ्या प्रत्येकाला मात्र मोकळेपणाने विचारा, फक्त खूश दिसणाऱ्यांना नव्हे. तक्रार आली तर शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर पुढचा पाहुणा वाचत असतो.

प्रश्नोत्तरांचं पान केलं तर गूगलच्या निकालात प्रश्न उघडून दिसतात ना?

ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साईट्सपुरती मर्यादित केली. त्यासाठी वेगळा कोड लिहून घेण्यावर खर्च करू नका. प्रश्नोत्तरं मात्र लिहा, वाचणाऱ्यासाठी.

साईट नवी केली आणि येणारे फोन निम्मे झाले.

जुन्या पानांचे पत्ते बदलले असणार. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून घ्या आणि ते किमान वर्षभर राहू द्या, त्याहून जास्त ठेवलं तर उत्तमच. जुने पत्ते आठवत नसतील तर सर्च कन्सोलमध्ये सापडतात. नव्या साईटवर ती वर्डप्रेसची टिक राहिली नाही ना, हेही बघा.

फरक पडायला किती दिवस लागतात, आणि पडला हे कसं कळणार?

बिघाड दुरुस्त केला, जसं की नोइंडेक्स काढलं, तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत फरक दिसतो. मजकूर सुधारण्याचं फळ दिसायला चार महिने ते वर्ष धरून चला.

आकडे वाचताना आपल्याकडे एक मोठी गफलत होते. एप्रिलमध्ये भेटी वाढल्या म्हणून साईट करणाऱ्याचं कौतुक होतं आणि जुलैत कमी झाल्या म्हणून त्याला बदललं जातं. एप्रिलमध्ये शाळेच्या सुट्ट्या आणि आंबा असतो, जुलैत पाऊस, त्यात साईटचा काही संबंध नाही. यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडून बघा. गणपतीची तारीख मागेपुढे होते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र धरा. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे गेल्या हंगामाशी तुलना करता येते. त्याहून जुनी हवी असेल तर दर हंगाम संपला की उतरवून ठेवा.

तिथेच लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं याची यादी मिळते. दिसण्याची संख्या मोठी आणि क्लिक कमी असे शब्द आधी बघा. एखाद्या गुहागरच्या होमस्टेला 'गुहागर पाळीव कुत्रा घेऊन राहण्याची सोय' या शब्दांवर पान दिसलेलं आढळेल, आणि पानावर कुत्र्याबद्दल एक शब्दही नसेल. कुत्रा चालत असेल तर तसं लिहा, कुठल्या खोलीत आणि कुठल्या अटीवर तेही. चालत नसेल तर तेही लिहा, म्हणजे दारात आल्यावर कुणाला परत पाठवावं लागणार नाही.